यादी वाचल्याशिवाय चहा नाही

१५ ऑगस्ट १९४७, शुक्रवार. त्या दिवशी मुखेड तालुक्यातल्या आमच्या वाडीतल्या एकूण एक माणसावर अन्याय झाला. देश स्वतंत्र झाला आणि आम्ही झालो नाही. लंडनमध्ये, सिमल्यात, दिल्लीत वर्षानुवर्षं बैठका झाल्या. इंग्रजांनी काय सोडायचं, कधी सोडायचं, कोणाच्या हातात सोडायचं याची घासाघीस झाली, आणि सगळं ठरल्यावर आम्ही निजामाच्या पदरात तसेच. माझे आजोबा तेव्हा पोरसवदा होते. स्वातंत्र्य आल्याचं त्यांना मुखेडच्या आठवडी बाजारात कळलं. दोरखंड विकणाऱ्या माणसानं सांगितलं की इंग्रज गेला. आणि त्याच दमात तो म्हणाला, पण आपल्याकडं न्हाई.

पुढं नोव्हेंबरात दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात करार झाला. त्याचं नावच 'जैसे थे' करार. एक वर्ष जे आहे ते तसंच चालू द्यायचं. कोणासाठी तसंच? ज्याच्या मानेवर पाय आहे त्याच्यासाठी, की ज्याचा पाय आहे त्याच्यासाठी? हे विचारायला वाडीतून कोणी दिल्लीला गेलं नव्हतं, कारण वाडीला कोणी बोलावलंच नव्हतं. आम्ही सुटलो सप्टेंबर १९४८ मध्ये. तेरा महिने उशिरा.

दुसरा अन्याय मागच्या वर्षीचा. १ मे, झेंडावंदन उरकल्यावर, मोठ्या गावच्या शाळेच्या पटांगणात. अन्याय त्याच वाडीवर. आणि यात माझा हात होता. त्या पानावर माझी सही आहे, वरून चौथी. पत्रक काढताना आपण नेहमी समोरच्याचा गुन्हा आधी छापतो. इथं मी माझा सांगणार आहे.

मी लातूरला राहते. स्पर्धा परीक्षेच्या एका क्लाससाठी इतिहासाच्या नोट्स काढते आणि आठवड्यातून तीन दिवस तो विषय शिकवते. माझं मुख्य प्रकरण म्हणजे स्वराज्याच्या वाटाघाटी. गोलमेज परिषदा, युद्धातली शिष्टाई, त्रिमंत्री मंडळ, फाळणीची योजना. मी त्याचा एक तक्ता केला होता. डाव्या रकान्यात काय मागितलं, उजव्या रकान्यात काय मिळालं. पोरं तो तक्ता मोबाईलवर फोटो काढून पाठ करायची. मला त्याचा अभिमान होता.

कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायला शिकले. भिंतीला चिकटवायची, एसटी स्टँडवर वाटायची, सायकलीच्या कॅरिअरला खोचायची. 'जाहीर धिक्कार', 'निर्लज्ज कारभार', 'आता माघार नाही'. हे शब्द मला झोपेतसुद्धा येतात. त्यामुळं वाडीचं स्वतंत्र ग्रामपंचायतीचं प्रकरण निघालं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. पोरगी शिकलेली हाय, बोलती, तिलाच पुढं करा.

प्रकरण सोपं होतं. आमची वाडी कागदावर मोठ्या गावाचा एक वॉर्ड आहे. मध्ये ओढा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की रहिवासी दाखल्यासाठी, जन्माच्या नोंदीसाठी, घरकुलाच्या यादीत नाव आहे का बघायला आम्हाला सडकेनं वळसा घालून जावं लागतं. तिथं गेलं की कळतं, ग्रामसेवक तालुक्याला गेलेत. आमच्या आत्याच्या नातवाची जन्मनोंद चार खेपांनंतर झाली. नळाची पाइपलाइन मोठ्या गावात पोचून दहा वर्षं झाली, ओढ्याच्या अलीकडं आली नाही. ज्याला हे खोटं वाटतं त्यानं उन्हाळ्यात येऊन आमच्या हापशावरची रांग बघावी.

वाडीला स्वतःची ग्रामपंचायत हवी होती, बस. लोकसंख्येची अट बसत होती, अंतराचीही बसत होती. एकच कागद अडला होता. मूळ गावच्या ग्रामसभेनं ठराव करून द्यायचा होता की हो, यांना वेगळं होऊ द्या. म्हणजे ज्यांच्यापासून सुटायचं, त्यांच्याचकडून चिठ्ठी घ्यायची. इंग्रजांच्या पार्लमेंटनं कायदा केला तेव्हाच हिंदुस्थान सुटला, तशातला प्रकार.

एप्रिलमध्ये मी लातूरहून आले आणि वाडीतल्या दोन पोरांना घेऊन सरपंचांच्या घरी गेले. वाडीला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, मागणी सगळ्यांचीच होती. सरपंच गोड माणूस. त्यांच्या घरून आधी पाणी आलं, मग सुशीला आली, म्हणजे भिजवलेले मुरमुरे कांदा-मिरचीच्या फोडणीत परतलेले, वर शेंगदाण्याचा कूट. मग चहा. मी माझे मुद्दे मांडले. ते प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होते.

शेवटी म्हणाले, "बाई, तुमचं एकदम रास्त हाय. एक मे च्या ग्रामसभेत घेऊन टाकू ठराव. कागद मी बगतो, जिम्मेदारी माजी."

मी चहा संपवला आणि उठले. बाहेर आल्यावर सोबतच्या पोरांपैकी एकजण म्हणाला, ताई, लिहून घ्यायचं होतं का काही? मी त्याला म्हणाले, ग्रामसभेत सगळ्यांसमोर होणार आहे, याहून जास्त लिखित काय असतं. लातूरला गेल्यावर मी पत्रकसुद्धा छापून घेतलं. वर मोठ्या अक्षरात 'वाडीचा विजय'. अजून माझ्या खोलीत त्याचा गठ्ठा आहे. फेकवत नाही.

१ मे ला वाडीतली माणसं नवे कपडे घालून गेली. झेंडावंदन झालं. मग सभा. आमच्याकडं ग्रामसभेची एक रीत पडून गेली आहे, ती कुठल्या कायद्यात नाही पण सगळ्यांना पाठ आहे. माणूस आला की आधी वहीत सही. वहीच्या पानाचा वरचा भाग कोरा सोडलेला असतो. सही केली की चहा. चहा घेतला की घरी. सभेत काय झालं ते ग्रामसेवक नंतर निवांत वर लिहितात. यात कोणाला काही वावगं वाटत नाही, कारण ऊन असतं, गुरं सोडायची असतात, आणि सही म्हणजे हजेरी अशी सगळ्यांची समजूत. माझीही. कायद्याची कलमं पाठ असलेल्या माझीही.

सरपंचांनी भाषणात वाडीचा उल्लेख केला. फार प्रेमानं केला. टाळ्या पडल्या. आम्ही सह्या केल्या, चहा घेतला, परत आलो.

जूनमध्ये मी ठरावाची नक्कल मागवली. त्यात लिहिलं होतं, वाडी वेगळी करण्याचा विषय, चर्चा झाली, आणि सर्वानुमते असं ठरलं की तूर्तास स्थिती जैसे थे ठेवावी. खाली आमच्या सह्या. वाडीच्या सत्तावन्न माणसांच्या सह्या, अंगठे, आणि चौथी सही माझी. लफ्फेदार.

मी तो कागद एसटीत वाचला. शिरूर ताजबंदला गाडी बदलायची होती, ती मी बदललीच नाही. गाडी फाट्यावरून पुढं निघून गेली आणि मला पुढच्या थांब्यावर उतरून मागं चालत यावं लागलं. वाटेत डोक्यात नवं पत्रक तयार होत होतं. 'विश्वासघात', 'लोकशाहीचा खून', 'सरपंच जवाब द्या'. घरी पोचेपर्यंत मजकूर पूर्ण झाला होता.

घरी आत्या होती. वडिलांची मोठी बहीण, माहेरीच राहते, आणि वाडीत तिला वेगळाच मान आहे. तिचं अक्षर सुंदर. सातवीपर्यंत शिकली, पण चाळीस वर्षं वाडीतल्या आणि शेजारच्या चार गावांतल्या लग्नांच्या याद्या तीच लिहीत आलीय. आमच्या खालच्या आळीतल्या, म्हणजे बौद्धांच्या घरांतल्या तर लिहितेच, वरच्या आळीतली शेतकऱ्यांची घरंसुद्धा बैठकीला तिला बोलावतात. आधी बोलवत नसत. तिच्या हातची यादी कधी मोडली नाही हे ऐकल्यावर बोलवायला लागले.

मी तिला कागद वाचून दाखवला आणि पत्रकाचा मजकूरही. ती तुरीची डाळ निवडत होती. तिनं विचारलं, लातूरला तू पोरांना जे शिकवून राहिली, ते काय असतं एकदा सांग बरं. मला वाटलं विषय बदलतेय. मी सांगितलं. इंग्रज एका बाजूला, आपले पुढारी दुसऱ्या बाजूला, मधी टेबल. कधी बोलणी मोडली, कधी जुळली, कशी सत्ता कागदावर आली.

"गोलमेजात आपला मानूस व्हता की," आत्या म्हणाली आणि भिंतीवरच्या फोटोकडं तिनं मान केली.

होता, मी म्हणाले. पण इंग्रजी मुलखातल्या दलितांच्या वतीनं. संस्थानांचं वेगळं. संस्थानांच्या वतीनं राजे आणि त्यांचे दिवाण बसायचे.

"म्हंजी आपल्याकडून कोन?"

"निजामाची माणसं."

"आन निजामाच्या बाजूनं?"

"तीच."

आत्या इतकी हसली की सुपातली डाळ खाली सांडली. ती वेचत वेचत तिनं पुढचं विचारलं, अगदी सहज, वर न बघता.

"आन सरपंचाच्या घरी आपल्याकडून कोन बसलं व्हतं?"

मी म्हणाले, मी.

"हाव," आत्या म्हणाली. "मला वाटलंच."

तेवढंच. माझं पत्रक मी घडी घालून पिशवीत ठेवलं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बैठकीची रीत समजावली. मला ती माहीत होती, लहानपणापासून बघत आले, पण कधी नीट लक्ष देऊन बघितली नव्हती. सोयरीक जमवताना पोरीकडचे आणि पोराकडचे समोरासमोर बसतात. काय द्यायचं, काय घ्यायचं, कोणाची किती माणसं, मांडव कोणाचा, हे सगळं बोललं जातं आणि दोन कागदांवर लिहिलं जातं. ती यादी. यादी मोठ्यानं वाचायची. एखाद्याला कमी ऐकू येत असेल तर त्याच्या कानाशी पुन्हा वाचायची. मग दोन्हीकडच्या पाच-पाच माणसांनी शेवटच्या ओळीच्या लगेच खाली सही करायची, मधी जागा सोडायची नाही. आणि हे सगळं होईस्तोवर आलेल्या पाहुण्यानं चहाला हात लावायचा नाही. समोर आलेला चहा तसाच ठेवायचा.

का, मी विचारलं.

"चहा पेला की मानूस पाघळतो. मंग त्याला नको म्हनाया लाज वाटती. तुला सुशीला बी दिल्ती म्हनं."

दिली होती.

मला हे सगळं फार गावंढळ वाटलं, खरं सांगते. एका घटनात्मक मागणीसाठी लग्नाची यादी? मी निवेदन लिहिणार होते, आयुक्तांना, मंत्र्यांना, पेपरला. आत्या म्हणाली, लिही की, कोन नको म्हनतंय. पण ठराव गावानंच करायचा हाय आन गावाला यादी कळती.

जुलैच्या एका रविवारी वाडीच्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही बसलो. दोन्ही आळ्या. बायका आधी मागं बसल्या, मग आत्या पुढं बसली म्हणून चार-पाच पुढं सरकल्या. मी मसुदा आणला होता. आत्यानं पेन घेतलं आणि माझ्या मसुद्यातला 'जुलमी' काढला, 'निर्लज्ज' काढला, 'गुलामगिरीच्या बेड्या' काढल्या.

"यादीत शिव्या लिहीत न्हाईत. त्या सोयरीक मोडल्यावर."

व्हरांडा हसला. मीही हसले, जरा उशिरा.

मग तिनं सांगितलं की गावाकडं जायच्या आधी आपली आपसातली यादी झाली पाहिजे. पहिलंच कलम तिनं वाचलं. वाडीची ग्रामपंचायत झाली की नळाची लाईन पहिल्यांदा खालच्या आळीतून जाईल. हापसा वरच्या आळीत आहे आणि तिथं आमच्या बायकांचा नंबर कसा शेवटी लागतो हे त्या व्हरांड्यात प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी कधी उच्चारलेलं नव्हतं.

वरच्या आळीतले सगळ्यात वयस्कर काका खाकरले. माणूस सरळ आहे, पण त्यांना अवघड झालं. ते म्हणाले, "बाई, आदी सुटू तर द्या. आपसातलं मंग बगू, घरातलं घरात."

आत्या म्हणाली, "सरपंच आपल्याला हेच म्हनतोय, दादा."

 बाहेर एक शेळी शाळेच्या खांबाला शिंगं घासत होती. हे इथं फुटलं असतं तर ओढ्याच्या पलीकडं जायची गरजच उरली नसती. मी वर्गात पोरांना शिकवते की मोठ्या वाटाघाटी कुठं अडल्या. त्या बहुतेक इथंच अडल्या. समोरच्याशी नाही, आपल्यातल्यांशी. आधी सुटू, मग बघू. आणि ज्याला वाट बघायला सांगितलं त्याच्या मनात भीती राहिली.

काकांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"लिव्ह," ते म्हणाले. "पहिलं कलम ऱ्हाऊ दे पहिलंच."

त्यांनी सही केली तेव्हा त्यांची सून मागून हळूच म्हणाली, मामंजी, आता हापशावर बी उद्यापासून येईल तसा नंबर लावा म्हनावं. तेही लिहिलं गेलं. त्यासाठी कोणाच्या ठरावाची गरज नव्हती, दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं. मला अजून वाटतं की वाडीचं स्वराज्य त्या सोमवारी हापशावर आलं.

१५ ऑगस्टला ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. सगळी वाडी ओढ्यातून गेली. लुगडी वर खोचून, चपला हातात घेऊन. बायका पुरुषांपेक्षा जास्त. आत्याच्या पिशवीत यादीच्या दोन प्रती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या.

झेंडावंदन झालं, सभा बसली, वही फिरायला लागली. वही पहिल्यांदा काकांसमोर आली. त्यांनी ती पुढं दिली. पुढच्यानं पुढं. वाडीच्या शेवटच्या माणसापर्यंत वही गेली आणि कोरीच परत आली. मग चहा आला. स्टीलच्या ट्रेमधून कागदी कप. आम्ही सगळ्यांनी घेतले आणि आपापल्या पुढ्यात जमिनीवर ठेवून दिले.

कोणी घोषणा दिली नाही. मला द्यायची होती. आत्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

चहावर साय धरायला लागली. आधी मोठ्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या लक्षात आलं. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मग सरपंचांच्या. त्या माणसानं तीन पोरींची लग्नं केली आहेत, समोरचा चहा तसाच राहिला की काय समजायचं असतं हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. मी सतरा निवेदनं दिली असती तरी त्यांनी मान हलवून ठेवून घेतली असती. पण भरल्या सभेत आपल्या दारचा चहा पाहुण्यानं तसाच ठेवावा, ही गोष्ट त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "काय आत्याबाई, पोरगी मागाया आलाव का काय?"

"न्हाई, वेगळं निघाया आलाव," आत्या म्हणाली. "वाटनीची बी यादीच असती."

आता मोठं गावसुद्धा हसलं. आणि त्यांच्याच बाजूचा एक म्हातारा, ज्याचं वाडीशी काही नातं नाही, तो म्हणाला की मंग वाचा की यादी, बसलाव तर हाव. त्या एका वाक्यानं काम झालं. मी त्यांना नंतर विचारलं, तुम्ही आमच्या बाजूनं का बोललात. ते म्हणाले, तुमच्या बाजूनं कुठं, रीतीच्या बाजूनं बोललो.

यादी मी वाचली. वाडीनं काय मागितलं ते आधी. मग वाडी काय देते ते. हा दुसरा भाग माझ्या मसुद्यात नव्हता, तो आत्यानं घातला होता. आम्ही लिहिलं होतं की पाझर तलाव दोघांचा राहील, वाडीच्या हद्दीतून मोठ्या गावाला जाणारी शेतरस्त्याची वाट कधी बंद होणार नाही, गावच्या जत्रेत वाडीची कामं आहेत ती वाडी पुढंही करील. मोठ्या गावातल्यांना भीती याचीच होती, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. आपल्या गावाचा तुकडा पडतोय, तलावावर उद्या पहारा बसेल, वाट अडवतील. त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

वाद झाला. तासभर चांगला झाला. एकजण म्हणाला, ओढ्यावर पूल बांधून द्या म्हनावं सरकारला, वेगळं कामून निघता. काका म्हणाले, पूल झाला की येऊ की चहाला. तलावाच्या कलमात मोठ्या गावानं दोन शब्द बदलून मागितले, आम्ही दिले. जत्रेची कामं एकेक मोजली तेव्हा त्यांत एक काम असं निघालं जे पिढ्यान्‌पिढ्या खालच्या आळीच्या माथी होतं. ते आम्ही करणार नाही असं आत्या म्हणाली. त्यावर जरा वेळ सगळं ताणलं गेलं. सरपंचांनी खाली मान घालून सांगितलं, काढा ते. आणि ते निघालं.

मग आत्यानं ग्रामसेवकांना विनंती केली, अगदी साहेब म्हणून, की आता ठराव लिहा, आमी बसलाव. ते म्हणाले नंतर लिहितो, व्यवस्थित. आत्या म्हणाली, लिहा, आमाला घाई न्हाई. त्यांनी लिहिलं. मोठ्यानं वाचलं. आमच्यातल्या एका बहिऱ्या मावशींच्या कानाशी मी पुन्हा वाचलं. 'शिफारस करण्यात येते' हे शब्द दोनदा वाचले. मग शेवटच्या ओळीच्या अगदी खाली, मधी बोटभरही जागा न सोडता, पहिला अंगठा मावशींचा. चौथ्या ओळीत या वेळी माझी सही नाही. मी शेवटी केली, साधी.

चहा पार गार झाला होता. सरपंचांनी नवा टाकायला सांगितला. तो आम्ही घेतला. गोड होता, फार.

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन केलं आणि दुसऱ्या दिवशी मी आणि काकांची सून ठरावाची नक्कल घेऊन तालुक्याला गेलो. आवक शिक्का बसला. महिन्याभरानं फाइल नांदेडला गेली, तिथला शिक्का बसला. अजून पुढं जायचं आहे. कधी होईल मला माहीत नाही, आणि मी 'विजय' असं काही छापलेलं नाही. पण मोठ्या गावातल्या एका सदस्यानं परवा मला विचारलं की तुमची पंचायत झाली की इमारत कुठं बांधणार. 'झाली की' म्हणाले, 'झाली तर' नाही. हापशावर नंबर लागतो. वाडीत पाच बायका आहेत ज्यांना ठराव आणि इतिवृत्त यांतला फरक माझ्याहून चांगला सांगता येतो, आणि त्यांतली एक निवडणुकीला उभी राहीन म्हणते.

लातूरच्या क्लासमध्ये माझ्या तक्त्याला मी तिसरा रकाना जोडला. मागितलं काय, मिळालं काय, आणि आपल्याकडून कोण बसलं होतं. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, मॅडम, हे परीक्षेला येतं का? मी म्हणाले, येत नाही, लिहा.

मी निजामाला दोष देते, इंग्रजांना देते, ज्यांनी आम्हाला न विचारता आमचं ठरवलं त्या सगळ्यांना देते, आणि तो दोष मी मागं घेणार नाही. पण १ मे च्या त्या कोऱ्या पानावर कोणी माझा हात धरून सही घेतली नव्हती.

तुमच्या गावातही ती वही आहे. पुढच्या ग्रामसभेला ती तुमच्यासमोर येईल, पानाचा वरचा भाग कोरा असेल, बाजूला चहा असेल. तुम्ही जा. कामं टाकून जा, घरातल्या बाईला घेऊन जा, आणि जिला कमी ऐकू येतं तिलाही न्या. सही करू नका. आधी लिहा म्हणा, मग मोठ्यानं वाचा म्हणा, शेवटच्या ओळीच्या लगेच खाली सही करा. आणि तोवर तो कप जमिनीवर ठेवा.